मत देण्याआधी आणि दिल्यानंतर वाचायचे कागद: नाशिककर मतदारासाठी सविस्तर मार्गदर्शक

संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये नागरिकांची मूलभूत कर्तव्यं दिलेली आहेत. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती आली. ती यादी नीट वाचली तर त्यात मतदान कुठेच नाही. मत न देणाऱ्याला आपल्याकडे दंड नाही की शिक्षा नाही. ही जबाबदारी कायद्याने लादलेली नाही, ती आपण होऊन घ्यायची आहे. म्हणूनच ती नेमकी काय, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

माझं म्हणणं असं की ही जबाबदारी मुख्यतः कागद वाचण्याची आहे. मतदार यादी, उमेदवाराचं शपथपत्र, महापालिकेचं अंदाजपत्रक, केंद्रनिहाय निकाल हे सगळे कागद सार्वजनिक आहेत. फुकट किंवा नाममात्र पैशांत मिळतात. आपण ते उघडत नाही, मग आपल्या वतीने पक्षाचा कार्यकर्ता वाचतो आणि त्याच्या सोयीचं तेवढंच आपल्याला सांगतो.

ज्यांना हे कटकटीचं वाटतं त्यांनी नाशिकचाच इतिहास आठवावा. २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पुढची काही वर्षं नेटाने चालवला, तरी दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. त्या काळी मतदानाचा हक्कही मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटींत बसणाऱ्यांनाच होता. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३२६ ने प्रत्येक प्रौढाला मत दिलं. आधी २१ वर्षं असलेली वयाची अट ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून १८ वर आली. आज घरबसल्या अर्ज करून मिळणाऱ्या या हक्कामागे एवढं सगळं आहे.

तुम्ही नेमके कुठले मतदार आहात?

पहिली पायरी सोपी वाटते, पण इथेच बरेच जण चुकतात. नाशिक जिल्ह्यात विधानसभेचे १५ मतदारसंघ आहेत आणि लोकसभेसाठी ते तीन ठिकाणी वाटले गेले आहेत. सिन्नर, नाशिक पूर्व, नाशिक मध्य, नाशिक पश्चिम, देवळाली आणि इगतपुरी हे नाशिक लोकसभेत. नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी हे दिंडोरी लोकसभेत. मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण हे धुळे लोकसभेत. म्हणजे बागलाणातल्या सटाण्याच्या माणसाचा जिल्हाधिकारी नाशिकचा आणि खासदार धुळ्याचा.

स्थानिक पातळीवर आणखी गुंता आहे. नाशिकरोडवरून निघालात की काही किलोमीटरच्या आत तुम्ही तीन वेगवेगळ्या कारभारांतून जाता. नाशिकरोड महापालिकेत, देवळाली कॅम्प कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे, भगूर नगरपरिषदेकडे. भगूरच्या रस्त्याबद्दल महापालिकेच्या राजीव गांधी भवनात जाऊन उपयोग नाही.

एक कागद घ्या आणि त्यावर लिहून ठेवा: लोकसभा मतदारसंघ, विधानसभा मतदारसंघ, मतदार यादीचा भाग क्रमांक, यादीतला तुमचा अनुक्रमांक, मतदान केंद्राचं नाव आणि महापालिकेचा प्रभाग क्रमांक. भाग आणि प्रभाग या वेगळ्या गोष्टी आहेत. विधानसभेला ज्या शाळेत मत दिलंत तीच शाळा महापालिकेला असेल असं नाही. प्रभाग सोडून बाकीची माहिती निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर मतदार ओळखपत्राचा क्रमांक टाकला की मिळते. इंटरनेट जमत नसेल तर १९५० या हेल्पलाइनवर फोन करा.

यादी: आपलं नाव शोधून थांबू नका

माझ्या मते मतदाराचं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि ते निवडणूक नसताना करायचं असतं. ओळखपत्र खिशात आहे म्हणून मत देता येत नाही, यादीत नाव असेल तरच देता येतं. हे माहीत नसल्याने दर वेळी केंद्राबाहेर रडवेली झालेली माणसं दिसतात.

आपल्या भागाची यादी पीडीएफमध्ये उतरवून घ्या. पान उघडलं की तीन रांगांत चौकटी दिसतील. प्रत्येक चौकटीत वर अनुक्रमांक आणि ओळखपत्र क्रमांक, खाली मतदाराचं नाव, मग वडिलांचं किंवा पतीचं नाव, घर क्रमांक, वय आणि लिंग. घर क्रमांकाचा रकाना खास लक्ष देऊन बघा. कुठे नुसतं शून्य, कुठे प्लॉटचं नाव, कुठे काहीच नाही. शेजारच्या फ्लॅटमधली दोन माणसं वेगवेगळ्या पानांवर सापडतात, कारण यादी इमारतीच्या मजल्याप्रमाणे लावलेली नसते. म्हणून वरवर चाळून भागत नाही. चहाचा कप घेऊन बसा आणि आपल्या सोसायटीची, गल्लीची, वाड्याची माणसं एकेक करून शोधा.

शोधताना या गोष्टी टिपून ठेवा. जी व्यक्ती वारली तिचं नाव अजून आहे का? लग्न होऊन गेलेल्या मुलीचं नाव माहेरी राहिलंय का, आणि आलेल्या सुनेचं नाव इकडे आलंय का? भाड्याने राहून गेलेल्या कुटुंबाची नावं तशीच आहेत का? एकाच माणसाच्या दोन नोंदी, एक ‘चौधरी’ आणि एक ‘चौधरि’, अशा दिसतात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, इथे राहणारं कोण यादीत नाही? इमारतीचा रखवालदार, धुणंभांडी करणाऱ्या मावशी, सातपूर-अंबडच्या कारखान्यात लागलेली आणि चार जणांत खोली घेऊन राहणारी मुलं यांच्याकडे बहुतेकदा कुणी चौकशीच करत नाही.

मग योग्य फॉर्म भरायचा. नवीन नाव घालायचं तर फॉर्म ६. नाव वगळायचं किंवा एखाद्या नावावर हरकत घ्यायची तर फॉर्म ७. पत्ता बदलणं, चुकीची दुरुस्ती, हरवलेलं ओळखपत्र पुन्हा मिळवणं आणि दिव्यांग असल्याची नोंद हे सगळं फॉर्म ८ मध्ये. घर बदललं म्हणून फॉर्म ६ भरू नका, त्याने दुबार नोंद तयार होते. दोन ठिकाणी नाव ठेवायला कायद्याची मनाई आहे आणि अर्जात खोटी माहिती देणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम ३१ खाली गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. गावी एक आणि शहरात एक अशी दोन नावं राखून असणाऱ्या सुशिक्षित माणसांना हे स्पष्ट सांगायला हवं. गावाशी नातं टिकवण्याचे दुसरे मार्ग आहेत.

घरात १७ वर्षं पूर्ण झालेलं कुणी असेल तर तोही अर्ज आधीच भरून ठेवता येतो. पात्रतेसाठी वर्षात चार तारखा धरल्या जातात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. त्यातल्या ज्या तारखेला १८ पूर्ण होतील तेव्हा नाव येतं. कॉलेजसाठी नाशिकमध्ये वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला गावी नाव ठेवायचं की इथे घ्यायचं, हे ठरवण्याची मुभा आहे. मात्र नाव एकाच ठिकाणी.

पेठ, सुरगाण्याकडची बरीच कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येतात. कामासाठी काही काळ बाहेर गेलं म्हणून माणूस गावचा रहिवासी राहत नाही, असं कायदा मानत नाही. त्यामुळे तेवढ्या कारणाने त्यांचं नाव कापता येत नाही. पण मतदानाच्या दिवशी त्यांना गावी पोचता आलं पाहिजे. २० नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभा मतदानाच्या वेळी बागांत ऑक्टोबर छाटणीनंतरची कामं चालू होती. अशा दिवसांत मजुराला मजुरी न कापता सुटी देणं आणि गाडीभाड्याची अडचण समजून घेणं हे बागायतदाराने मतदार म्हणून करण्याचं काम आहे. मत कुणाला द्यायचं हे मात्र त्याने सांगायचं नाही.

अर्जाची वेळ पाळा. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, आणि अर्जाची चौकशी व हरकती यांना त्याआधी वेळ लागतो. महापालिकेसाठी नियम आणखी कडक असतो. राज्य निवडणूक आयोग वेगळी नावनोंदणी करत नाही, विधानसभेचीच यादी एका ठरावीक तारखेची घेऊन ती प्रभागवार तोडतो. जानेवारी २०२६ च्या महापालिका मतदानासाठी ती तारीख होती १ जुलै २०२५. ज्यांची नावं त्यानंतर लागली त्यांना सहा महिने आधी अर्ज करूनही मत देता आलं नाही. प्रभागाची प्रारूप यादी लागते तेव्हा मात्र आपल्याला चुकून शेजारच्या प्रभागात टाकलंय का, हे बघून हरकत घेता येते. त्या हरकतीला मुदत थोडी असते, म्हणून वर्तमानपत्रातली जाहीर सूचना लक्ष ठेवून वाचा.

अर्ज दिल्यावर संदर्भ क्रमांक लिहून घ्या आणि आपल्या भागाच्या बीएलओंना, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, फोन करा. बहुतेक बीएलओ शिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका असतात, स्वतःचं काम सांभाळून हे करतात. त्या घरी आल्या तर दार उघडून, बसवून, कागद हातात द्या. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी उत्तरेकडच्या राज्यांत अनेक बायकांनी स्वतःचं नाव सांगायचं टाळलं, अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं. अशा सुमारे २८ लाख नोंदी तेव्हा यादीतून वगळाव्या लागल्या. यादीत स्वतःचं नाव असणं ही किती मोठी गोष्ट आहे ते त्यावरून कळतं.

कुठला प्रश्न कुठल्या खुर्चीचा

आपण खासदाराला गटारीबद्दल आणि नगरसेवकाला महागाईबद्दल विचारतो, आणि दोघेही खुशीत हात वर करतात. त्यामुळे मत देण्याआधी एक तक्ता करा: प्रश्न, तो कुणाच्या हातात आहे, आणि समोरच्या उमेदवाराने त्याबद्दल काय केलंय किंवा काय म्हणतोय.

आपल्याकडचं कांद्याचं उदाहरण घ्या. परदेश व्यापार हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतल्या संघसूचीतला विषय. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, ती उठली. हा निर्णय दिल्लीत झाला, म्हणून त्याचा जाब खासदाराला विचारायचा: तुम्ही सभागृहात काय बोललात, कुठला प्रश्न टाकलात? लासलगावसारख्या बाजार समित्यांचा कायदा राज्याचा, म्हणून तिथल्या वजनमापाबद्दल, कपातीबद्दल आमदाराला विचारायचं. कांदा भरून ट्रॅक्टर ज्या गावरस्त्यावरून जातो तो जिल्हा परिषदेचा असेल तर तिथला सदस्य गाठायचा. एकाच कांद्याचे तीन मालक आहेत, आणि तिघांना एकच प्रश्न विचारला तर एकाचंही उत्तर मिळत नाही.

शहरातही तसंच. पाणीपट्टी, कचरा, गल्लीतले दिवे, अंतर्गत रस्ते महापालिकेचे. पोलीस राज्य सरकारचे. राष्ट्रीय महामार्गावरचा खड्डा केंद्राच्या यंत्रणेचा. नाशिक महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतरचं मतदान थेट १५ जानेवारी २०२६ ला झालं. मधली जवळपास चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. प्रभागात जाब विचारावा असा निवडून आलेला माणूसच नव्हता. संविधानाच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे मुदत संपण्याआधी निवडणूक व्हायला हवी. ती लांबली तेव्हा आपण मतदार म्हणून किती आवाज उठवला, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. मला वाटतं, फारच कमी.

आधी निवडून आलेला माणूस पुन्हा उभा असेल तर त्याची कामगिरी तपासणं सोपं असतं. खासदारांची उपस्थिती, विचारलेले प्रश्न आणि चर्चेतला सहभाग संसदेच्या संकेतस्थळावर आणि सभागृहांच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या संस्थेच्या पानांवर मिळतो. खासदार निधी वर्षाला ५ कोटी रुपये आहे, त्याची कामं कुठे झाली हे जिल्हा नियोजन कार्यालयाकडे विचारता येतं. पण निधीतल्या सभामंडपांवर आणि बाकड्यांवर भाळू नका. आमदार-खासदाराचं पहिलं काम कायदा करणं आणि सरकारला जाब विचारणं आहे.

शपथपत्र कसं वाचायचं

लोकसभा किंवा विधानसभेचा प्रत्येक उमेदवार अर्जासोबत नमुना २६ मधलं शपथपत्र देतो. २००२ आणि २००३ मधल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे ही माहिती मिळणं हा मतदाराचा हक्क झाला. हे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या उमेदवारांच्या पोर्टलवर असतं. असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या मायनेता या संकेतस्थळावर तेच सुटसुटीत मांडलेलं सापडतं. सुरुवात तिथून करा, पण मूळ कागद एकदा तरी उघडा.

आधी गुन्ह्यांचा भाग. नुसता आकडा बघू नका, कलमं बघा. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा आणि खंडणीचा, बाईवर हात टाकल्याचा गुन्हा एका मापाने मोजता येत नाही. खटला प्रलंबित आहे की आरोप निश्चित झालेत की शिक्षा झालीय, हे तीन वेगळे टप्पे आहेत. गुन्हे असलेल्या उमेदवाराने प्रचाराच्या काळात ते वर्तमानपत्रात आणि वाहिनीवर तीनदा जाहीर करायचे असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशानुसार पक्षालाही असा उमेदवार का निवडला याची कारणं द्यावी लागतात, आणि ‘निवडून येण्याची क्षमता’ एवढं कारण चालत नाही. ती जाहिरात बारीक टायपात असते. शोधून वाचा.

मग मालमत्ता. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र आणि यंदाचं शेजारी ठेवा. स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची जंगम आणि स्थावर मालमत्ता, पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, कर्जं, सरकारी थकबाकी. जमिनी कुठे आहेत ते बघा. ज्याच्या जमिनी शहराच्या नव्या रस्त्यांच्या कडेने वाढल्या, तो विकास आराखड्यावर कसा बोलतो ते ऐकण्यासारखं असतं. श्रीमंत असणं हा दोष नाही. वाढलेली मालमत्ता आणि दाखवलेलं उत्पन्न यांचा मेळ बसत नसेल, तर मात्र सभेत उभं राहून विचारायला हवं. रकाना कोरा सोडायला परवानगी नाही, ‘निरंक’ किंवा ‘लागू नाही’ असं लिहावंच लागतं. हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे.

महापालिकेच्या उमेदवारालाही शपथपत्र द्यावं लागतं, पण तिथे वाचणारे आणखी कमी. नाशिकमध्ये ३१ प्रभागांत १२२ जागा आहेत, बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक. म्हणजे तुम्हाला चार जागांसाठी चार वेगळे निर्णय घ्यायचे आहेत. ‘पॅनल टू पॅनल’, म्हणजे एकाच पक्षाच्या चौघांचं, बटण दाबा असा आग्रह धरला जातो तेव्हा चौघांपैकी तिघांबद्दल तुम्हाला काहीच माहीत नसतं. चारही नावं आधी लिहून, एकेकाची माहिती काढूनच जा. एखाद्या जागेवर कुणीच पटत नसेल तर तिथे नोटा, म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. हा पर्याय सप्टेंबर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आला. पण लोकसभा-विधानसभेला नोटाला कितीही मतं पडली तरी उरलेल्या उमेदवारांत सर्वाधिक मतांचाच निवडून येतो. महापालिकेला राज्य निवडणूक आयोगाच्या २०१८ च्या आदेशानुसार नोटाला सर्वाधिक मतं पडली तर त्या जागेसाठी पुन्हा निवडणूक होते. हे समजून मगच ते बटण दाबा.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी बजावलं होतं की राजकारणातली भक्ती ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. शपथपत्र वाचणं हा त्या भक्तीवरचा साधा, घरगुती उपाय आहे.

प्रचाराचे शेवटचे दिवस

पाकीट घरी येतं, कधी साडी, कधी सोसायटीला रंग लावून देण्याचं आश्वासन, कधी देवदर्शनाची सहल. भारतीय न्याय संहितेनुसार मतासाठी लाच देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार आहेत, एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते. ‘पैसे घ्यायचे आणि मत आपल्या मनाने द्यायचं’ हा सल्ला शहाणपणाचा म्हणून सांगितला जातो, मला तो पटत नाही. ज्याने पैसे वाटले त्याने ते कुठून तरी वसूल करायचे ठरवलेलेच असतात, आणि घेणाऱ्याचं तोंड पाच वर्षं बंद राहतं. सोसायटीच्या सभेत आधीच ठराव करा की उमेदवाराकडून टाकी, लिफ्ट, रंग यांपैकी काहीही घेणार नाही. एकट्याला नाही म्हणणं अवघड जातं, ठराव असला की सोपं होतं.

लोकसभा-विधानसभेच्या आचारसंहितेच्या काळात सी-व्हिजिल अॅपवरून जागेवरच फोटो किंवा व्हिडिओ काढून तक्रार करता येते, नाव न देताही. शंभर मिनिटांत तिचा निकाल लावायची पद्धत आहे. महापालिकेच्या वेळी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे किंवा पोलिसांकडे जा.

धर्म, जात, पंथ, भाषा यांच्या नावाने मत मागणं हा लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचरण आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन मतांनी स्पष्ट केलं की यात उमेदवाराच्या धर्माइतकाच मतदाराचा धर्मही येतो. समाजाच्या मेळाव्यात ‘आपला माणूस’ म्हणून आवाहन झालं, तर तिथेच उठून ‘त्याने आपल्या प्रभागासाठी काय केलं?’ एवढं विचारा.

मतदान संपण्याआधीचे ४८ तास प्रचार बंद असतो. त्या काळात व्हॉट्सअॅपवर येणारा ‘ताजा खुलासा’ पुढे पाठवू नका. खरा असता तर तो आधी आला असता.

मतदानाचा दिवस

ओळखपत्र नसेल तरी घाबरू नका. लोकसभा-विधानसभेला आधार, पॅन, वाहन परवाना, पासपोर्ट, फोटो असलेलं बँक किंवा पोस्टाचं पासबुक, मनरेगाचं जॉबकार्ड, दिव्यांगांचं युनिक ओळखपत्र अशी कागदपत्रं चालतात. घरी आलेली मतदार चिठ्ठी ओळख म्हणून चालत नाही, ती फक्त अनुक्रमांक शोधायला. मोबाइल घरीच ठेवा.

सातपूर, अंबड, सिन्नरच्या कारखान्यांतल्या कामगारांनी लक्षात ठेवा: लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१ च्या कलम १३५-ब नुसार लोकसभा-विधानसभेच्या मतदानाला पगारी सुटी आहे, रोजंदारीवरच्या माणसालाही. ज्याच्या गैरहजेरीने धोका किंवा मोठं नुकसान होईल अशी कामं तेवढी अपवाद.

आत गेल्यावर पहिला अधिकारी तुमचं नाव मोठ्याने वाचतो, ते पक्षांच्या प्रतिनिधींना ऐकू जावं म्हणून. दुसरा डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावतो, नोंदवहीत सही घेतो आणि चिठ्ठी देतो. तिसरा ती चिठ्ठी घेऊन नियंत्रण यंत्रावरचं बटण दाबतो, मग तुमचं यंत्र सुरू होतं. उमेदवारासमोरचं निळं बटण दाबा, लाल दिवा लागेल. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या काचेत क्रमांक, नाव आणि चिन्ह असलेली चिठ्ठी सात सेकंद दिसेल. ते सात सेकंद तिथेच बघा, घाईने वळू नका. चिठ्ठीवर दुसरंच नाव दिसलं तर तिथल्या तिथे मतदान केंद्राध्यक्षांना सांगा. लेखी घोषणापत्र घेऊन चाचणी मत घेतलं जातं. आरोप खोटा निघाला तर कारवाई होते, म्हणून खात्री असेल तरच बोला, आणि खात्री असेल तर गप्प बसू नका.

महापालिकेला व्हीव्हीपॅट नव्हतं, आणि चार जागांची चार बटणं दाबल्यावरच मतदान पूर्ण होतं. तीन दाबून बाहेर यायला निघाल्यास अधिकारी थांबवतात.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर परत फिरू नका. ‘प्रदत्त मत’ मागा. ओळख पटली की कागदी मतपत्रिका मिळते. ती वेगळ्या पाकिटात ठेवतात, नेहमीच्या मोजणीत येत नाही, पण न्यायालयात निकालाला आव्हान मिळालं तर तिला महत्त्व येतं. आणि बोगस मतदान झालं होतं याचा तो अधिकृत पुरावा राहतो.

घरातल्या ८५ वर्षांवरच्या किंवा ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या माणसाला लोकसभा-विधानसभेसाठी घरून मत देता येतं. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत फॉर्म १२-डी द्यावा लागतो. अंध किंवा अपंग मतदाराला केंद्रावर सोबती नेता येतो. आजीचं बटण दाबायला गेलात तर आजीने सांगितलेलंच दाबा, आणि ते कुणाला सांगू नका.

संध्याकाळी वेळ संपताना रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. कुणी ‘आता झालं’ म्हणालं तरी रांग सोडू नका.

निकालानंतर

गुलाल उडाल्यावर बहुतेकांचं काम संपतं. इथून पुढचं काम शांतपणे करायचं आहे.

विधानसभा-लोकसभेचा केंद्रनिहाय निकाल फॉर्म २० मध्ये असतो, मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो लावला जातो. आपल्या केंद्रावर किती मतदान झालं ते बघा. कमी झालं असेल तर कारण शोधा: लोक आलेच नाहीत, की यादीत मेलेली आणि गेलेली माणसं फार आहेत? दुसरं असेल तर फॉर्म ७ पुन्हा हातात घ्यायची वेळ आली.

महापालिकेत आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीला सादर करतात, मग ते महासभेत जातं. अर्थसंकल्पीय बैठकांच्या आधी आपल्या प्रभागाच्या चारही नगरसेवकांना एकच पत्र द्या, तोंडी नव्हे. पत्रात एकच मागणी, जागेचा नेमका उल्लेख, दहा-वीस सह्या आणि पोच घेतलेली प्रत. चौघांना एकच पत्र दिलं की ‘ते काम त्यांच्याकडे’ असं म्हणून एकमेकांवर ढकलता येत नाही. गावात राहत असाल तर ग्रामसभेला बसा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा ठरलेल्याच आहेत. पेठ, सुरगाणा यांसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला जास्तीचे अधिकार दिले आहेत, तिथे गैरहजर राहणं फार महाग पडतं.

‘हरकती व सूचना’ या मथळ्याची छोटी जाहीर सूचना वर्तमानपत्रात दिसली की कापून ठेवा. रस्तारुंदी, आरक्षण बदल, झाडं तोडणं हे सगळं त्या चार ओळींतून सुरू होतं. सिंहस्थाच्या तयारीत तपोवनातल्या झाडांचा विषय पेटला, त्याचीही सुरुवात अशाच सूचनेने आणि त्यावर नोंदवलेल्या लेखी हरकतींनी झाली. मुदतीत दिलेली एक लेखी हरकत फाइलमध्ये राहते, मुदतीनंतरच्या घोषणा राहत नाहीत.

उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत अभिलेख फुकट बघू देण्याचा शासनाचा २०१८ चा आदेश आहे. आधी तिथे जाऊन फाइल बघा, म्हणजे नेमकी कुठली पानं हवीत ते कळतं. मग अर्ज: १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘का केलं नाही?’ असं विचारू नका. ‘अमक्या रस्त्याच्या कामाचा कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि देयकाची प्रत द्यावी’ असं मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथेही काम झालं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या नाशिक खंडपीठाकडे दुसरं. दोन्ही अपिलांना २० रुपयांचा स्टॅम्प लागतो, आणि प्रत्येक वेळी पोच घेतलेली प्रत आपल्या फाइलला लावून ठेवायची.